बारा तास नुसती मांडवली ऐकली : गुलामगिरीवरच्या तडजोडींचा ऑडिओ कोर्स, साडेतीन स्टार

आधी हे सांगते की मी इतिहासवाली नाही, आयटीवाली आहे. राहते यॉर्कला, पेनसिल्व्हेनियात, आणि ऑफिस बाल्टिमोरला, म्हणजे रोज आय-८३ वरून जाऊन-येऊन दोन तास, आणि त्याच त्याच गप्पांचे पॉडकास्ट ऐकून कान किटले होते. त्यात मुलगा अकरावीत, एपी यूएस हिस्टरी घेतलेला, एका रात्री विचारतो, आई १८५० च्या कॉम्प्रमाइजमध्ये टेक्सासला पैसे का दिले? मला लिंकन आणि कापूस यापलीकडे शष्प माहीत नव्हतं. तर म्हटलं बघू, आणि एका अ‍ॅपवर सेल चालू होता तिथून हा कोर्स उचलला, यादवी युद्धाच्या आधीच्या तडजोडी, १७८७ ते १८६१, चोवीस लेक्चर्स, प्रत्येक अर्ध्या तासाचं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण माझा त्यांच्याशी पीडीएफवरून वाद चालू आहे, तो पुढे येईलच.

बोलणारे एक रिटायर्ड प्रोफेसर आहेत. आवाज मस्त. कागद बघून वाचतायत असं एकदाही वाटलं नाही, मधेच स्वतःच हसतात, मधेच थांबतात आणि मग हळू आवाजात म्हणतात की आता हे नीट ऐका. मी दोनदा माझी एक्झिट चुकले यांच्यामुळे, यातच आलं सगळं.

पहिली तीन लेक्चर्स फिलाडेल्फियातल्या १७८७ च्या राज्यघटनेवर, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. ते तीन-पंचमांशचं कलम असतं ना, मला इतकी वर्षं वाटायचं की त्याचा अर्थ काळा माणूस म्हणजे तीन-पंचमांश माणूस असं कोणीतरी ठरवलं, आणि ते वाईट आहेच, पण खरा हिशोब त्याहून बेरकी आहे. दक्षिणेवाल्यांना गुलाम *पूर्ण* मोजायचे होते! उत्तरेतले बरेच जण म्हणत होते की अजिबात मोजू नका. कारण मोजणी होणार होती ती लोकसंख्येप्रमाणे हाउसमधल्या, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या, सीट्स वाटायला, म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढी मालकाची ताकद जास्त, मत द्यायचा अधिकार मात्र त्या पाचातल्या एकालाही नाही. शेवटी पाच माणसं बरोबर तीन, असा भाव ठरला. आणि हेच गणित इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात, पण शिरलं, १८०० साली जेफरसन ७३-६५ ने अ‍ॅडम्सना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले त्यात या जादा मतांचा केवढा वाटा होता ते प्रोफेसर इतकं छान उलगडतात की मी गाडी पार्क करून दहा मिनिटं तशीच बसून राहिले.

अजून एक, घटनेच्या मूळ मसुद्यात 'गुलाम' हा शब्दच नाहीये, माहितीये? सगळीकडे 'इतर व्यक्ती', 'अशा व्यक्ती', 'सेवेसाठी बांधलेली व्यक्ती'. घरात भांडण झालं की पाहुण्यांसमोर 'ते प्रकरण' म्हणतात ना, तसं. आणि त्या 'प्रकरणा'साठी परदेशातून माणसं आणायला १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, फार तर माणशी दहा डॉलर कर लावा, आणि कोणी पळून दुसऱ्या राज्यात गेलं तर परत करायचं, ही दोन कलमं पण त्याच सौद्यात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

मग येतं मिसुरी, आणि इथे कोर्सची पहिली मोठी खोट.

१८१९ मध्ये देशात अकरा मुक्त आणि अकरा गुलामीवाली राज्यं, तराजू अगदी समान. त्यात मिसुरीला राज्य व्हायचंय. न्यूयॉर्कचा जेम्स टॅल्मॅज नावाचा खासदार उठतो आणि म्हणतो व्हा की, पण नवीन गुलाम आणायचे नाहीत आणि आत्ता जे आहेत त्यांना पुढे होणारी मुलं २५ वर्षांची झाली की मोकळी. झालं, गदारोळ. शेवटी १८२० मध्ये मांडवली अशी की मिसुरी गुलामीवालं म्हणून आत, मेन राज्य मुक्त म्हणून आत, आणि लुइझियाना खरेदीत, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेकडच्या प्रदेशात, उरलेल्या जमिनीवर ३६ अंश ३० मिनिटांची एक रेघ, रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. आणि गंमत म्हणजे मिसुरी स्वतः जवळजवळ सगळं रेघेच्या वरच आहे, त्यालाच अपवाद. हे मला कसं कळलं? मुलाच्या पुस्तकातला नकाशा बघून. कारण प्रोफेसर या लेक्चरमध्ये चार वेळा म्हणतात 'आता सोबतचा नकाशा पाहा', अहो मी सत्तरच्या स्पीडने ट्रकच्या मागे आहे, कुठला नकाशा पाहू! बरं घरी येऊन सोबतची पीडीएफ उघडली तर तीन पानं, नकाशा धुरकट, आणि ज्या मेनवरून एवढं रामायण झालं ते मेन नकाशात कापलं गेलेलं. मी अ‍ॅपवाल्यांना मेल केला तर उत्तर आलं की पीडीएफ ही 'बोनस' आहे म्हणून त्यावर तक्रार करता येत नाही. म्हणजे बोनस वाईट असला तरी चालतो म्हणे. मुलाने शेवटी एका कागदावर नकाशा काढून फ्रीजवर लावून दिला आणि वर म्हणाला, आई, हे बारा तास ऐकण्यापेक्षा दोन मिनिटं बघायचं असतं.

बरोबर आहे त्याचं, पण सगळं बघून कळत नाही. जेफरसननी त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं होतं की हा प्रश्न रात्री अचानक आगीची घंटा वाजावी तसा आला आणि मला धडकी भरवून गेला. हे वाक्य प्रोफेसर ज्या आवाजात वाचतात ना, आणि मग शांतपणे सांगतात की हे लिहिणाऱ्याकडे स्वतःकडे शेकड्यांनी गुलाम होते. ते नकाशात नसतं.

मधली काही लेक्चर्स कंटाळवाणी आहेत. १८३२-३३ ची टॅरिफची, म्हणजे आयात कराची, भानगड मला अजूनही कळलेली नाही, दोनदा ऐकली. गॅग रूलचं लेक्चर मात्र चुकवू नका, १८३६ ते १८४४ हाउसने नियमच केला की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले तर वाचायचे नाहीत, चर्चा नाही, थेट बाजूला ठेवून द्यायचे. आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, माजी राष्ट्राध्यक्ष, सत्तरीतला म्हातारा, पुन्हा साधा खासदार होऊन रोज उठून काहीतरी युक्ती करून तेच अर्ज मांडतोय. भिजत घोंगडं ठेवायला पण केवढी मेहनत लागते बघा.

आता १८५०. यावर चार लेक्चर्स आहेत आणि कोर्सचा खरा जीव इथे. मेक्सिकोशी युद्ध जिंकून प्रचंड जमीन मिळालीय, कॅलिफोर्नियात सोनं सापडलंय, तिथे माणसांची झुंबड आणि त्यांना मुक्त राज्य म्हणून यायचंय, म्हणजे तराजू मोडणार. तर केंटकीचे हेन्री क्ले, बहात्तर वर्षांचे, खोकत खोकत सिनेटमध्ये आठ ठराव घेऊन उभे राहतात. साउथ कॅरोलायनाचे कॅल्हून इतके आजारी की भाषण दुसऱ्याने वाचायचं आणि यांनी नुसतं पांघरूण घेऊन बसायचं, महिन्याच्या आत गेले. मॅसॅच्युसेट्सचे वेबस्टर ७ मार्चला देशाच्या एकीसाठी तडजोडीच्या बाजूने बोलतात आणि आपल्याच लोकांच्या मनातून उतरतात. एप्रिलमध्ये मिसिसिपीचा सिनेटर फूट मिसुरीच्या बेंटनवर भर सभागृहात पिस्तूल काढतो! हे ऐकताना मी एकटीच गाडीत 'अरे बापरे' म्हणाले. आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष टेलरच वारतात.

पण सगळ्यात भारी भाग म्हणजे ती आवळ्यांची मोट कशी सुटली तो. क्लेंचे प्रस्ताव एकाच मोठ्या विधेयकात बांधले होते, आणि ते जुलैअखेर कोसळलं, कारण प्रत्येकाला त्यातली एखादी तरी गोष्ट नकोच होती. म्हातारा थकून हवापालटाला निघून गेला. मग इलिनॉयचे स्टीफन डग्लस, बुटके, खटपटे, तरुण, यांनी मोट सोडली आणि पाच वेगवेगळी विधेयकं केली, प्रत्येकाला वेगळं बहुमत जमवलं, उत्तरवाल्यांनी आपलं पास केलं, दक्षिणवाल्यांनी आपलं, मधल्या मूठभरांनी दोन्हीकडे हात वर केले, सप्टेंबरात सगळं पास. म्हणजे प्रोफेसर म्हणतात तसं ही तडजोड झालीच नव्हती, दोन बाजूंनी एकमेकांना टाळून मतं दिली एवढंच. कॅलिफोर्निया मुक्त. न्यू मेक्सिको आणि युटामध्ये तिथले लोक ठरवतील. टेक्सासने न्यू मेक्सिकोवरचा दावा सोडायचा म्हणून एक कोटी डॉलर (मुलाला उत्तर मिळालं, पेपर होऊन गेल्यावर). राजधानीत गुलामांचा *व्यापार* बंद, गुलामी नाही हं, फक्त बाजार, आणि बाजार नदीपलीकडे अलेक्झांड्रियात चालूच. आणि पाचवं, पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा नवा कायदा.

या पाचव्यावर प्रोफेसर मोजून सात मिनिटं बोलतात, मी परत लावून घड्याळ बघितलं. सात मिनिटं! पिस्तुलाला नऊ.

माझी खरी तक्रार ही आहे, नकाशा वगैरे ठीक आहे. त्या कायद्यात असं होतं की पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही, ज्यूरी नाही, निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर फी आणि सोडला तर पाच. कारण काय तर परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात! आणि पळणाऱ्याला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. हे सगळं प्रोफेसर सांगतात, नाही असं नाही, पण ज्या चवीने ते कोणी कोणाला कोपऱ्यात घेऊन मत फिरवलं ते सांगतात ती चव इथे नाही, इथे यादी वाचून मोकळे.

आणि क्रिस्टियाना, जिथे लोकांनी या कायद्याला थेट विरोध केला? एक वाक्य. आता ही गोष्ट मला का लागली सांगते. मी रोज जी हद्द ओलांडते, मेरीलँडमध्ये स्वागत असल्याची पाटी, ती म्हणजेच मेसन-डिक्सन लाइन, घरापासून वीस मिनिटांवर. अलीकडे पेनसिल्व्हेनिया, जिथे १७८० मध्येच गुलामी हळूहळू संपवायचा कायदा झाला, पलीकडे मेरीलँड, जिथे १८६० मध्ये पण सुमारे ८७ हजार गुलाम होते. त्याच पलीकडच्या बाल्टिमोर काउंटीतला एडवर्ड गॉरसच नावाचा जमीनदार, त्याचे चार जण १८४९ मध्ये पळून हद्द ओलांडून गेले. हा नव्या कायद्याचा कागद आणि सरकारी माणूस घेऊन ११ सप्टेंबर १८५१ ला पहाटे लँकेस्टर काउंटीत क्रिस्टियानाजवळ विल्यम पार्करच्या घरासमोर उभा राहिला. पार्कर स्वतः मेरीलँडमधून पळून आलेला. त्याच्या बायकोने, एलायझाने, माडीवरून शिंग फुंकलं आणि आजूबाजूचे लोक हातात मिळेल ते घेऊन धावत आले. गॉरसच तिथेच मेला, मुलगा जबर जखमी. पार्कर निसटून रॉचेस्टरमार्गे कॅनडाला पोचला. सरकारने ३८ जणांवर चक्क देशद्रोहाचा खटला भरला, आणि तो चालला कुठे तर फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये, जिथे घटना लिहिली त्याच इमारतीत! कॅस्टनर हॅनवे नावाचा गोरा शेजारी पहिला आरोपी, त्याचा गुन्हा काय तर पकडायला मदत केली नाही. ज्यूरीने पंधरा मिनिटांत सोडून दिलं. आता ही एवढी गोष्ट हातात असताना, १७८७ च्या इमारतीत १८५० च्या कायद्याचा खटला, तुम्ही एका वाक्यात उरकता? मला हे सगळं नंतर स्वतः शोधून वाचावं लागलं.

एक छोटी अडचण ऐकणाऱ्यांसाठी, यात दोन डग्लस आहेत. स्टीफन डग्लस सिनेटर, आणि फ्रेडरिक डग्लस, जे १८३८ मध्ये बाल्टिमोरहून ट्रेनने निसटले आणि पुढे गुलामीविरोधी चळवळीचा सगळ्यात मोठा आवाज झाले. इंग्रजीत स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, कानाला शून्य. लेक्चर सोळामध्ये मी पाच मिनिटं हा माणूस असा कसा उलटा फिरला म्हणून चक्रावले होते.

पुढचं भरभर सांगते कारण कोर्सही इथे पळतो. १८५४ मध्ये त्याच स्टीफन डग्लसना पश्चिमेकडे रेल्वे हवी, त्यासाठी कॅन्सस-नेब्रास्का वसवायचं, दक्षिणेची मतं हवीत, तर मिसुरीची रेघच पुसून टाकली. चौतीस वर्षं ज्या रेघेला लोक पवित्र मानत होते ती. मग कॅन्ससमध्ये मारामाऱ्या, सिनेटमध्ये गुलामीविरोधी सिनेटर सम्नरना छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं, नवा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. आणि १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वतःच्या सुटकेसाठीचा खटला. हे लेक्चर मात्र प्रोफेसरांनी मन लावून केलंय, कारण इथे पहिल्यांदा ते सभागृहातून बाहेर पडतात. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट, दोघेही मुक्त प्रदेशात राहून आलेले, त्यांची थोरली मुलगी एलायझा मिसिसिपी नदीत बोटीवर जन्मली, मिसुरीच्या हद्दीच्या उत्तरेला, म्हणजे मुक्त पाण्यात. तरी सुप्रीम कोर्ट सात विरुद्ध दोनने म्हणालं की तुम्ही नागरिकच नाही, खटला भरायचा हक्क नाही, आणि वर काँग्रेसला अशी रेघ ओढायचा अधिकारच नव्हता. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनी, आमच्या ऑफिसच्या मेरीलँडचेच. त्यांचा पुतळा बाल्टिमोरात होता, २०१७ मध्ये रातोरात काढला.

शेवटची लेक्चर्स १८६०-६१ च्या हिवाळ्यातली, दक्षिणेची राज्यं देशातून फुटून निघतायत आणि सगळ्यांची पळापळ. केंटकीचे क्रिटेन्डन रेघ परत आणायची आणि थेट कॅलिफोर्नियापर्यंत ओढायची म्हणतात, ते पडतं. (पुढे त्यांचा एक मुलगा दक्षिणेचा जनरल झाला आणि दुसरा उत्तरेचा, घरातच हद्द.) फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात २१ राज्यांची शांतता परिषद, अध्यक्ष माजी राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, जे नंतर दक्षिणेच्याच काँग्रेसवर निवडून गेले. आणि मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने खरंच एक घटनादुरुस्ती पास केली की राज्यांमधल्या गुलामीला केंद्र कधीच हात लावणार नाही. काही राज्यांनी तिला मंजुरी पण दिली, त्यात मेरीलँड आहे, आणि तेही युद्ध सुरू झाल्यावर! ती पूर्ण झाली असती तर तेरावी दुरुस्ती ती असती. १८६५ ची खरी तेरावी गुलामी संपवणारी आहे. हे ऐकून मी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला मीटिंगमध्ये आहे.

प्रोफेसरांचं पालुपद असं आहे की प्रत्येक तडजोडीने देशाला दहा-वीस वर्षं 'विकत घेऊन दिली'. आणि बाविसाव्या लेक्चरमध्ये ते याची नीट बाजू मांडतात, की १८२० मध्ये युद्ध झालं असतं तर उत्तर बहुधा हरली असती, चाळीस वर्षांत तिथे माणसं वाढली, रेल्वे आली, कारखाने आले, १८६१ मध्ये उत्तरेकडे सव्वादोन कोटी लोक आणि बंडखोर राज्यांत नव्वद लाख, त्यातले पस्तीस लाख तर गुलाम. मुद्दा खोडता येत नाही, मी प्रयत्न केला. फक्त एवढंच वाटत राहतं की वर्षं देशाने विकत घेतली, हप्ते कोणी भरले? १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे सात लाख, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. मधल्या काळात दहा लाखांच्या आसपास लोक मेरीलँड-व्हर्जिनियासारख्या राज्यांतून खाली कापसाच्या शेतांकडे विकले गेले, त्यात बाल्टिमोर बंदर मोठं, प्रॅट स्ट्रीटवर त्यांना कोंडून ठेवायच्या जागा होत्या, मी तिथे लंचला जाते. बारा तासांत हे दोन जनगणनेचे आकडे एकदाही एकापुढे एक ठेवलेले नाहीत. माझा अर्धा स्टार इथे गेला, एक पूर्ण पीडीएफमध्ये.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात : स्पीड वाढवला की आवाज चिपमंकसारखा होतो, बुकमार्क आपोआप उडतात, ट्रान्सक्रिप्ट नाही. ऑफलाइन डाउनलोड मात्र चांगलं चालतं.

कोर्स संपल्यावर एका रविवारी मुलाला घेऊन क्रिस्टियानाला जाऊन आले. गाव एवढंसं. तिथे १९११ मध्ये उभारलेला दगडी स्मारकस्तंभ आहे, गॉरसचच्या नावाखाली कोरलंय की तो कायद्यासाठी मेला, आणि त्याच दगडावर हॅनवेच्या नावाखाली की त्याने स्वातंत्र्यासाठी सोसलं. दोघांनाही खूश ठेवलंय. मुलगा दगडाभोवती दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, हा पण आठ ठरावांपैकीच एक वाटतो. मी म्हटलं चल, ऊन वाढतंय.

तर घ्यायचा असेल तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको. आधी कुठूनतरी १८२०, १८५० आणि १८५४ असे तीन नकाशे प्रिंट करून ठेवा. टॅरिफचं लेक्चर सोडलंत तरी चालेल. आणि सोळावं लेक्चर गाडी चालवताना ऐकू नका.